उंचीच्या रकान्यातले पाच सेंटीमीटर

मागच्या वर्षी घराजवळच्या जिममध्ये माझी फसवणूक झाली. पैसे तर गेलेच, तब्येतीलाही फटका बसला. ती कशी झाली हे सविस्तर लिहितेय, कारण ही पद्धत त्या एकाच जिमची असेल असं मला वाटत नाही.

सुरुवात सात दिवसांच्या मोफत ट्रायलने झाली. मी ४४ वर्षांची, गुडघे कुरकुरायला लागलेले, वजन वाढलेलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी खाणं उरकून, जीन्स घालून मी तशीच गेले. तिथले सर म्हणाले, "ताई, आधी बॉडी अ‍ॅनालिसिस करू, फ्री आहे. त्याआधी दोन ग्लास पाणी प्या, बॉडी हायड्रेट लागते." मी पाणी प्यायले, चपला काढून मशीनच्या धातूच्या पट्ट्यांवर उभी राहिले, हातात दांडे धरले. मिनिटभरात कागद आला. वजन ६८ किलो, चरबी ३९.४ टक्के, आणि खाली ठळक अक्षरांत 'मेटाबॉलिक एज ५७', म्हणजे मशीनच्या अंदाजाने माझं शरीर ५७ वर्षांच्या बाईसारखं चालतंय.

त्या ५७ने माझी झोप उडाली. सरांनी त्या आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि काही न बोलता कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "सात दिवस मी सांगतो तसं करा. फरक पडला नाही तर जॉइन होऊ नका." एवढ्या खात्रीने कुणी बोललं की आपला विश्वास बसतो. माझाही बसला.

सात दिवस सकाळचा ग्रुप क्लास, रात्री जेवणाऐवजी शेक आणि झोपताना एक 'डिटॉक्स चहा'. डब्यावर जिमचं स्टिकर होतं. घटक, ग्रॅम, बनवणाऱ्याचा पत्ता, काहीच नव्हतं. मी विचारलं तेव्हा "आमचा खास फॉर्म्युला आहे" एवढंच उत्तर मिळालं. तिथेच मी उठायला हवं होतं. आठव्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, पातळ ट्रॅकपँटमध्ये पुन्हा मोजणी झाली. वजन ६४.८, चरबी ३४.८ टक्के. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच दिवशी वर्षाची फी एकरकमी भरली आणि तीन महिन्यांचे डबेही घेतले.

आता हिशेब मांडते, जो मी तेव्हाच मांडायला हवा होता. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. ३.२ किलो चरबी सात दिवसांत जायची तर रोज साडेतीन हजार कॅलरींची तूट हवी. माझं दिवसभराचं खाणंच दोन हजारांच्या आत होतं. तासाभराच्या क्लासमध्ये तीनशे ते पाचशे जळतात. म्हणजे गेलं ते बहुतेक पाणी आणि पोटातलं अन्न होतं. पिष्टमय खाणं कमी केलं की शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही जातं. बाकीचं काम चहाने केलं.

त्या चहाचा उलगडा दीड महिन्याने झाला. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, जिना चढताना धडधडायचं. सर म्हणायचे, "टॉक्सिन्स बाहेर पडतायत, थांबू नका." शेवटी मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. रक्तात पोटॅशियम ३.१ निघालं, ते किमान ३.५ असायला हवं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जुलाब होतायत का?" होत होते. मी त्याला पोट साफ होणं समजत होते. त्यांनी डबा मागवला, आतली पानं तळहातावर घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "ही सोनामुखी दिसते." सोनामुखी हे जुलाबाचं औषध आहे. थोडे दिवस, गरजेपुरतं घ्यायचं. रोज घेतलं की पाण्याबरोबर क्षारही जातात, आणि पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. चरबी त्याने एक ग्रॅमही जात नाही.

घरी येऊन मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. वाचता वाचता वरच्या रकान्यावर नजर अडकली. पहिल्या कागदावर उंची १५७ सेंटीमीटर, दुसऱ्यावर १६२. माझी उंची १६२च आहे.

ही मशीन चरबी थेट मोजत नाही. शरीरातून अगदी सौम्य वीज सोडते, तिला किती अडथळा झाला ते बघते, आणि उंची, वय, वजन घालून सूत्राने चरबीचा अंदाज काढते. उंची कमी भरली की स्नायूंचा अंदाज खाली येतो आणि उरलेलं सगळं चरबीच्या खात्यात जातं. नुकतंच प्यायलेलं पाणीही वजनात धरलं जातं आणि बरंचसं चरबीत मोजलं जातं. म्हणूनच मोजणी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, दर वेळी एकाच वेळेला करायची असते. माझ्या दोन मोजण्यांत यातलं काहीच सारखं नव्हतं.

सर नसताना दुपारी मी गेले. काउंटरवरच्या शिकाऊ मुलीला म्हटलं, "बाळा, माझी दोनदा मोजणी कर. एकदा १५७ भर, एकदा १६२." तिने केली. मधे दोन मिनिटंही गेली नसतील, कपडे तेच, मी तीच. चरबीत ३.१ टक्क्यांचा फरक आला. ती मुलगी बराच वेळ कागदांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, पहिल्या वेळी थोडी कमी भरायला सांगितलंय आम्हाला." तिच्यावर माझा राग नाही. तिची नोकरी नवीन होती.

क्लासमधल्या माझ्या मैत्रिणीला मी हे सांगितलं. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. तिचा डाएट प्लॅन मी मागून घेतला तर तो शब्दन् शब्द माझाच, वर नाव तेवढं वेगळं. रात्री जेवण नाही, फक्त शेक. काही मधुमेहाच्या गोळ्यांवर असताना जेवण असं बंद केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि तिला गोळ्या चालू आहेत का हे कुणी विचारलंही नव्हतं. मला माझ्या पैशांपेक्षा याचा जास्त संताप आला. तिच्याही पहिल्या कागदावर उंची चार सेंटीमीटरनी कमी होती.

फी परत मागितली तेव्हा पावतीच्या मागचं बारीक अक्षरांतलं वाक्य पुढे आलं, 'कोणत्याही कारणास्तव रक्कम परत मिळणार नाही'. मी लेखी तक्रार दिली, सोबत चारही कागदांच्या प्रती आणि रक्ताचा रिपोर्ट जोडला. न उघडलेल्या डब्यांचे पैसे मिळाले, फीचे नाहीत. म्हणून सांगते, पहिल्यांदा महिन्याचीच फी भरा. पावतीची मागची बाजू पैसे देण्याआधी वाचा. मशीनवर उभं राहताना स्क्रीनवर काय भरतायत ते स्वतः बघा. घटक न लिहिलेला डबा घरात आणू नका, तो कोणीही देवो.

चहा बंद केल्यावर तीन आठवड्यांत पोटॅशियम ठीक झालं. ३.२ किलोंपैकी अडीच किलो पहिल्या चार दिवसांतच परत आले. आता मी आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालते, दोन दिवस घरीच वजनं उचलते, रात्री जेवते, आणि कंबर टेपने मोजते. टेप माझ्याच हातात असते.