नमुन्याशिवाय फेल्टवर भरतकाम : विकत घेण्यापूर्वी उसवून पाहा

फेल्टची, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतवून केलेल्या न विणलेल्या कापडाची, जाडी, रंग आणि तुकड्याचा आकार ही माहिती कोणत्याही पाकिटावर मिळते, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही. गेल्या दिवाळीपासून मी चार प्रकारच्या फेल्टवर, कोणताही नमुना न उतरवता, सुचेल तसे भरतकाम करत आहे : पुण्यातल्या बोहरी आळीतून आणलेले स्वस्त सिंथेटिक फेल्ट, त्याचाच कडक केलेला प्रकार, ‘शुद्ध लोकर’ म्हणून ऑनलाइन मागवलेले फेल्ट आणि शेवटी घरीच तयार केलेले फेल्ट. सुयांच्या वह्या, चष्म्याची घरे, पुस्तकात ठेवायच्या खुणा आणि एक तोरण एवढा माल त्यातून निघाला. या सर्वांची पारख मी एकाच कसोटीवर करणार आहे आणि ती पाकिटावर कधीही छापलेली नसते : घातलेला टाका उसवल्यावर मागे काय उरते?

ही कसोटी विक्षिप्त वाटेल, म्हणून तिचे कारण सांगणे आवश्यक आहे. सुती कापडावर नमुना उतरवण्याची आपल्याकडची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे; बटरपेपरवर सुईने टोचून खाका करायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने त्यावरून फिरवायची, किंवा सरळ पिवळा कार्बन वापरायचा. फेल्टच्या लवेवर यातले काहीच टिकत नाही, कारण रंग लवेच्या टोकांवर बसतो आणि हात फिरला की पसरतो. शिंप्याचा खडू पहिल्या फुलापर्यंत दिसतो. उष्णतेने पुसली जाणारी पेने आहेत, परंतु त्यांच्यासाठी इस्त्री फिरवावी लागते आणि सिंथेटिक फेल्ट इस्त्रीखाली चकाकते किंवा आक्रसते. पाण्यात विरघळणारा चिकट कागद लावावा, तर लोकरीचे फेल्ट धुताना आटण्याची आणि गडद रंग उतरण्याची भीती. थोडक्यात, फेल्टवर मनाने नक्षी काढणे ही हौस कमी आणि सोय अधिक आहे. आणि मनाने काढायचे म्हटले की उसवणे ओघाने आलेच, कारण तिसरी पाकळी घातल्यावरच पहिली पाकळी फार मोठी झाल्याचे कळते.

आता उसवण्याविषयी. फेल्टला ताणाबाणा, म्हणजे विणलेले उभे-आडवे धागे, नसतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि ओलावा, उष्णता व घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकून तंतूंचा एकजीव थर होतो. स्वस्त सिंथेटिक फेल्टमध्ये हे घडत नाही. पॉलिएस्टरचे किंवा अॅक्रिलिकचे तंतू काटेरी सुयांनी वरखाली टोचून यंत्राने गुंतवलेले असतात. त्यामुळे त्यातून दोरा ओढून काढला की चार तंतू त्याच्याबरोबर वर येतात आणि त्या जागी बारीक दाढी उगवते. दुसऱ्यांदा उसवले की दाढीच्या मुळाशी विरळ ठिगळ दिसू लागते. गडद जांभळ्या तुकड्यावर ही खूण खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. सुती कापडावर सुईची छिद्रे नखाने घासून मिटवण्याची सवय असलेल्या माणसाला हा प्रकार अतिशय चीड आणणारा आहे, आणि पाकिटावर ‘हस्तकलेसाठी उत्तम’ असे छापणाऱ्यांनी हस्तकलेत कोणी काही उसवत असेल याचा विचारच केलेला दिसत नाही.

याच दाढीमुळे ऑनलाइन मागवलेल्या ‘शुद्ध लोकरी’चा उलगडा झाला. त्या एका चौकोनाच्या किमतीत सिंथेटिक फेल्टचे रंगीत पाकीट आले असते, तरी उसवल्यावर दाढी तीच! मग कोपऱ्यातली बारीक पट्टी कापून चिमट्यात धरली आणि जाळून पाहिली. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की ती बहुधा आपोआप विझते आणि उरलेली राख बोटांनी चुरडता येते. येथे काळा धूर निघाला आणि टोकाला प्लास्टिकची कडक गोळी तयार झाली. तक्रारीसोबत त्या गोळीचे छायाचित्र पाठवले, तेव्हा विक्रेत्याकडून उत्तर आले की ग्राहकाने वस्तू जाळल्यामुळे ती परत घेता येणार नाही. न जाळता लोकर कशी ओळखावी, या माझ्या प्रश्नाला आलेले उत्तर ‘आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ एवढेच होते. बरीच पत्रापत्री झाल्यावर निम्मी रक्कम परत मिळाली आणि उरलेल्या निम्म्या रकमेसाठी मी या वाक्याचा राग अजून सोडलेला नाही.

दोष एवढा नित्याचा असल्यामुळे टाक्यांचा क्रमही त्याच हिशेबाने ठरवावा लागतो. नमुन्याशिवाय काम करताना साखळी टाक्याला पर्याय नाही असे माझे मत झाले आहे, आणि त्याचे कारण सौंदर्य नव्हे : साखळीच्या शेवटच्या कडीला टाचणारा छोटा टाका सोडवला की उरलेली साखळी नुसता दोरा ओढून, सुईने उकरावे न लागता, सरसर सुटते. धावदोराही तसाच निमूट निघतो. उलटी टीप एकेक टाका उचलून काढावी लागते आणि गाठीचा टाका तर कापूनच काढावा लागतो. म्हणून वेलीची दिशा, फांद्यांचे वळण, फुलांच्या जागा हे सारे अनिश्चित असते तोवर साखळी आणि धावदोरा वापरावा, जागा पक्क्या झाल्यावर लेझी डेझीच्या, म्हणजे साखळीच्या एकेका सुट्या कडीच्या, पाकळ्या घालाव्यात आणि गाठी अगदी शेवटी, जेथे दाढी उगवली असेल तेथे मुद्दाम, दाटीने पेराव्यात. गाठ घालताना सुई वर आली त्याच छिद्रातून परत खाली नेली, तर सैल फेल्टमधून गाठ थेट मागे निघून जाते. तिला किंचित बाजूला उतरवावे. उसवायची वेळ आलीच, तर टाका पुढून कापावा आणि दोरा मागच्या बाजूने ओढावा, म्हणजे वर येणारे तंतू मागे निघतात आणि निदान पाहुण्यांना दिसत नाहीत.

दोऱ्याबाबत थोडक्यात. बाजारातली नेहमीची सहा पदरी, आठ मीटरची लडी चालते. मात्र एका पदराचे काम फेल्टमध्ये बुडून दिसेनासे होते, म्हणून दोन किंवा तीन पदर घ्यावेत. दोरा हातभरापेक्षा लांब घेतला, तर दाट फेल्टमधून वारंवार जाऊन त्याचे तेज जाते. भरीव टाक्याची पाने मला साधली नाहीत असे नाही, परंतु कड सरळ ठेवायला खाली वीण नसल्यामुळे त्यात जितका वेळ जातो तितक्यात फेल्टचेच पान कापून भोवती काजाचा टाका घालता येतो. कापलेली कड सुटत नाही हा फेल्टचा मोठा गुण आहे आणि नक्षी सुचत नसेल तेव्हा तोच कामी येतो : उरलेल्या चिंध्यांतून वेगवेगळ्या मापांची वर्तुळे कापावीत, टाचण्यांनी तुकड्यावर लावून सरकवत राहावे आणि मांडणी मनास आली की टाचावीत. टाचणी कितीही वेळा हलवली तरी दाढी उगवत नाही.

येथपर्यंतचा मजकूर उन्हाळ्यात लिहिला होता. पावसाळ्यानंतर दोन मते बदलावी लागली. पहिले कडक फेल्टविषयी. त्यात सुई घालताना बोटे दुखतात आणि ते दुमडले की वळी पडते, म्हणून मी ते बाजूला टाकले होते. परंतु कडकपणासाठी त्यात जे राळेसारखे द्रव्य असते त्याने तंतूही जखडले जातात, त्यामुळे उसवल्यावर दाढी जवळजवळ येतच नाही, केवळ छिद्र उरते. मुलांना शिकवायचे असेल, जेथे दर दोन टाक्यांमागे एक उसवायचा असतो, तेथे मी आता हेच देते. दुसरे मत साध्या सिंथेटिकविषयी. त्याचे तोरण दारावर पावसाच्या झडीत भिजले, वाळले आणि जसेच्या तसे राहिले. तेथे लोकरीला कुबट वास लागला असता आणि पुढे कसर लागली असती ती वेगळीच. शिवाय दाढी नखे कापायच्या वाकड्या कात्रीने सपाट छाटता येते. दोष कायम आहे. त्याची चीड मात्र किमतीच्या प्रमाणात ठेवायला हवी असे आता वाटते.

सर्वात आनंद दिला तो घरच्या फेल्टने. कपाटात एक जुना विणलेला स्वेटर होता, कोपरे विरलेला, कोणाला देण्याजोगा न उरलेला. आतल्या पट्टीवर शंभर टक्के लोकर असे लिहिलेले होते आणि हाताने धुण्याची सूचना होती, हे दोन्ही महत्त्वाचे. यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर आटत नाही आणि अॅक्रिलिकच्या स्वेटरचे कितीही गरम पाण्यात फेल्ट होत नाही. उशीच्या अभ्र्यात बांधून तो कपडे धुण्याच्या यंत्रात गरम पाण्याच्या आवर्तनात साबणाबरोबर फिरवला, तेव्हा लहान मुलाच्या मापाचा, जाड आणि विणीचे फासे जवळजवळ नाहीसे झालेला पुठ्ठा हाती आला. तो कापला तरी कड सुटत नाही. उसवल्यावर छिद्र राहते, पण ओले फडके ठेवून वरून इस्त्रीची वाफ दिली की तंतू फुगून ते मिटते. दाढी शून्य, खर्चही जवळपास शून्य. जाडी इतकी आहे की सुई थराच्या आतून सरकवून दुसऱ्या फुलापाशी काढता येते आणि मागची बाजू कोरी राहते. 1 मिलिमीटरच्या बाजारी तुकड्यात हे शक्यच नाही.

या लोकरीवर सुती दोऱ्यापेक्षा उरलेले लोकरीचे बारीक दोरे अधिक शोभतात. काश्मीरच्या नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या फेल्टच्या गालिच्यावर, आरीने (टोकाला आकडा असलेल्या सुईने) भरलेली लोकरीची साखळी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे पटेल, मात्र तेथील पारंपरिक भरतकामात नक्काश आधी आराखडा काढून देतो आणि मग भरणारा बसतो. उसवण्याची वेळ त्याच्यावर सहसा येत नसावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी दुकानात उभ्यानेच एक परीक्षा करावी. पाकीट न घेता सुटा तुकडा मागावा, पर्समध्ये दोरा ओवलेली सुई ठेवावी, कोपऱ्यात दोन टाके घालून लगेच उसवावेत आणि तुकडा उजेडात तिरका धरावा. तो हाताने आडवा-उभा ताणूनही पाहावा, कारण काही फेल्ट एका दिशेने जास्त ताणले जाते आणि गोल घातलेले फूल महिन्याभरात लंबगोल होते. दुकानदार कुरकुरतो. माझ्या नेहमीच्या दुकानदाराने आता गल्ल्याजवळ माझ्यासाठी उसवायचा एक तुकडा वेगळा ठेवला आहे, आणि तो मात्र दुसऱ्याच, चांगल्या गठ्ठ्यातला असावा असा मला दाट संशय आहे.