जुना टॅब असेल तर स्ट्रीमिंग सर्व्हिसचा वरचा प्लॅन घेण्याआधी एकदा वाचा

सर्व्हिसचं नाव घेत नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे. कंटेंट भारी, सबटायटल्स नीट, ॲपबद्दलही तक्रार नाही. पण मी बघतो जुन्या टॅबवर आणि तिथे चित्र इतकं धुरकट की अंधारातला सीन आला की काळ्या भागात नुसते चौकोन चौकोन. नेटचा दोष म्हणावा तर त्याच टॅबवर यूट्यूब 1080पी मधे मस्त चालतं, स्क्रीन पण फुल एचडी आहे. मग ॲपच्या सेटिंगमधे पार आत जाऊन प्लेबॅकची माहिती उघडली तर तिथे गुपचूप लिहिलेलं, वाइडवाइन एल3, कमाल रिझोल्यूशन एसडी, म्हणजे एचडीच्याही खालचं. घ्या!

वाइडवाइन म्हणजे गुगलचं डीआरएम, व्हिडिओ कोणी कॉपी करू नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप; एल1, एल3 या त्याच्या सुरक्षेच्या लेव्हल. एल1 असेल तर व्हिडिओचं कुलूप उघडण्यापासून डिकोड करण्यापर्यंत सगळं प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होतं, एल3 मधे तेच साध्या सॉफ्टवेअरमधे, म्हणून कोणी कॉपी मारेल या भीतीने बऱ्याच सर्व्हिसेस एल3 ला 480पी च्या आसपासच अडवून ठेवतात. आणि एल1 च्या किल्ल्या सहसा फॅक्टरीतच टाकतात, त्यामुळे ॲप अपडेट करा नाहीतर रिसेट मारा, ढिम्म फरक पडत नाही. वनप्लस 5 आणि 5टी ला 2018 मधे एल1 द्यायचं ठरलं तेव्हा चक्क फोन कंपनीकडे पाठवावे लागत होते! बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक केलात तर बऱ्याच फोनवर असलेलं एल1 पण जातं, म्हणजे कस्टम रॉम (कंपनीची नसलेली सिस्टिम) टाकून जुना फोन जगवणाऱ्यांची वेगळीच शिक्षा.

टीव्हीला असंच दुसरं कुलूप, एचडीएमआय केबलवरचं, एचडीसीपी. 4के साठी बहुतेक ठिकाणी त्याचं 2.2 व्हर्जन लागतं, जुना टीव्ही किंवा मधला स्प्लिटर ते बोलत नसेल तर 1080पी वर समाधान, कधी कधी तर आवाज चालू आणि स्क्रीन काळीकुट्ट.

सपोर्टवाल्यांचं उत्तर काय, तर डिव्हाइस बदला. अहो, लॉगिन केल्याकेल्या तुमच्या ॲपला कळतं ना हे एल3 आहे, मग पैसे कापायच्या आधी सांगायला काय होतं? प्लॅनच्या पानावर अल्ट्रा एचडी ठळक आणि "डिव्हाइसनुसार" मात्र मुंगीएवढ्या अक्षरात. (चोरीच्या कॉपीला यातलं काहीच आडवं येत नाही, ती याच टॅबवर फुल एचडी चालेल.)

डीआरएम इन्फो नावाचं ॲप टाका, वाइडवाइनची लेव्हल लगेच दिसते. एल3 दिसलं आणि बघायचं फक्त त्याच डिव्हाइसवर असेल तर सगळ्यात खालचा प्लॅन घ्या. मी पण खाली आलोय, चित्रात काडीचा फरक नाही. कंटेंटला चार स्टार, लपवाछपवीला एक.