जुन्याच डब्यात एसएसडी : सात महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून मी बाहेर पडले आणि साडेसात हजारांचं सामान पिशवीत घालून परत आले. घरच्यांना वाटलं, दुकानं बंद असतील. आता जानेवारी २०२६ संपत आलाय. रोज सहा-सात तास वापरून झाल्यावर काय वाटतं, ते लिहिते.

मशीन २०१७ सालचं, असेंबल केलेलं. इंटेलचा आय-फाइव्ह ७४०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा मदरबोर्ड (कोणता प्रोसेसर चालेल ते चिपसेटवर ठरतं), ८ जीबी रॅमची (चालू कामाची तात्पुरती मेमरी, डीडीआर-४ पिढीची) एकच पट्टी आणि १ टीबी हार्डडिस्क. मी घरून काही छोट्या दुकानदारांची टॅली आणि जीएसटीची कामं करते. मुलगा अकरावीला आहे, त्याच्या अभ्यासाबद्दल आणि गेमबद्दल वेगळं लिहावं लागेल. शेवटी शेवटी मशीनची अवस्था अशी होती की सकाळी बटण दाबायचं, कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्या झाल्या की डेस्कटॉप दिसायचा. ब्राउझर उघडायला आणखी एक शिट्टी. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरताना तर हात जोडून बसायची वेळ.

पन्नास-साठ हजार बाजूला काढले होते. पण खर्च करण्याआधी एक काम केलं, ते आधीच करायला हवं होतं. मशीन रडत असताना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ झोपलेला. रॅम भरत आलेली. आणि डिस्क १०० टक्के, तिथून हलायचं नाव नाही. म्हणजे आठ वर्षं ज्या प्रोसेसरला आम्ही म्हातारा म्हणत होतो, तो बिचारा हार्डडिस्ककडून फाइल येण्याची वाट बघत बसला होता.

हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुईसारखं डोकं जागा शोधत इकडून तिकडे पळतं. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती ठीक चालते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीकसारीक फाइली लागतात, त्याही सगळ्या वेगवेगळ्या जागी. तिथे ती दमते. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, म्हणून फरक इतका जाणवतो.

आमच्या बोर्डावर एम.२ ची खाच (छोट्या पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) नाही, त्यामुळे साधी अडीच इंची साटा, म्हणजे जुन्या जोडणीची, एसएसडी घेतली, ५०० जीबीची. साटाची मजल सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास संपते, एनव्हीएमई ही नवी, जलद जोडणी त्याच्या कितीतरी पुढे जाते. दुकानात हे आकडे ऐकून जीव वरखाली होतो. पण टॅली आणि ब्राउझरच्या कामात हार्डडिस्क ते साटा ही उडी मोठी, साटा ते एनव्हीएमई ही लहान. तुमच्या बोर्डावर एम.२ असेल तर एनव्हीएमई जरूर घ्या, फक्त त्या खाचेत एनव्हीएमई चालते की नुसती साटाच, हे बोर्डाच्या पुस्तिकेत बघून मग घ्या.

खरेदी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या सामानाच्या बाजारात. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत कुणी ते नाव घेत नाही. मी विक्रोळीहून दादरला बदलून स्लो लोकल पकडली, कारण फास्ट लोकल ग्रँट रोडला, म्हणजे तिथल्या जवळच्या स्टेशनला, थांबत नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. पहिल्या दुकानात मी रॅम आणि एसएसडी म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "ताई, २०१७चं मशीन? त्यात पैसे कशाला घालता, पूर्ण सेटच घ्या." दुसऱ्या दुकानात बिलाशिवाय दोनशे रुपये कमी सांगितले. मी पक्कं बिल घेतलं, त्यावर एसएसडीचा सिरियल नंबर लिहून घेतला. वॉरंटी पाच वर्षांची असली तरी बिलाशिवाय ती भांडण करून मिळवायची, आणि त्यासाठी दोनदा ग्रँट रोडला जायचं. दोनशे रुपयांत ते परवडत नाही.

एसएसडी २,९००, ८ जीबीची दुसरी पट्टी १,७००. नवी पट्टी ३२०० स्पीडची होती, पण आमचा प्रोसेसर २४०० च्या पुढे जात नाही, म्हणून दोन्ही पट्ट्या २४०० वर चालतात. जास्त स्पीडसाठी जास्त पैसे दिले असते तर वाया गेले असते.

जुन्या डिस्कची नक्कल करण्याऐवजी विंडोज कोरी टाकली. शनिवार गेला, पण आठ वर्षांचा कचराही गेला. लायसन्सची काळजी होती. ते मदरबोर्डाशी जोडलेलं असल्याने नेट लावल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं. टॅलीचा डेटा आधी पेनड्राइव्हवर आणि बाहेरच्या डिस्कवर, असा दोन ठिकाणी घेऊन ठेवला होता. हे करायला विसरू नका.

निकाल? बटण दाबल्यापासून वीस-बावीस सेकंदांत डेस्कटॉप. सात महिन्यांत हा आकडा हललेला नाही. ब्राउझरचे वीस टॅब, टॅली, एक्सेल आणि पीडीएफ एकत्र उघडून बसते, १६ जीबीतली अर्ध्याहून थोडी जास्त भरते. कुकरला आता माझी सोबत नाही.

सगळं गोड झालं असं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धो धो असताना एके सकाळी पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने उघडून न बघताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला, साडेचार हजार." मी घरी येऊन प्लग काढला, दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांच्या सोनेरी दातांवर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, पुसून पुन्हा दाबून बसवल्या. चालू झालं. आमची खिडकी खाडीच्या बाजूला आहे, हवेत मीठ आणि ओल दोन्ही. मुंबईत पावसाळ्यात डिस्प्ले गेला की पहिला संशय रॅमवर घ्यायचा. त्याच वेळी प्रोसेसरच्या पंख्यावरची धूळही ब्रशने काढली आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारं मलम) बदलली. तापमान नव्वदीला टेकायचं, ते आता साठ-पासष्टला असतं. हे दीडशे रुपयांचं काम आम्ही आठ वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

जिथे लोक हात आखडतात आणि जिथे आखडू नये ती गोष्ट म्हणजे एसएमपीएस, मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. आमच्या कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्यावर ४५० वॅट छापलं होतं, पण उचलला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. तो काढून जूनच्याच खरेदीतला २,८०० चा, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) ४५० वॅटचा लावला. त्यामुळे मशीन जलद झालं नाही आणि मुलाने "आई, एवढ्यात लाइटवाले पंखे आले असते" असं म्हणून तोंड फिरवलं. पण खराब एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही, बोर्ड आणि डिस्कला बरोबर नेतो. यूपीएसची बॅटरी सप्टेंबरमध्ये बदलली, १२ व्होल्ट ७ एएचची. जुनी अडीच वर्षांची होती आणि वीज गेली की एकदा ओरडून गप्प बसायची. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका, तो गरम होताना एकदम खूप वीज ओढतो.

आता अडचणीची बाजू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सापडली. पण प्रोसेसरच्या यादीत इंटेलचे जवळपास सगळे आठव्या पिढीपासूनचेच आहेत, आमचा सातवीचा. शेजारचे काका म्हणाले, "मग आठवीचा टाक, सॉकेट तेच आहे." सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, दिसायला तेच, एलजीए ११५१, बसतोही. पण एच११० बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, त्याला ३०० मालिकेच्या चिपसेटचा बोर्ड लागतो. या सापळ्यात जुन्या बाजारातून प्रोसेसर आणून अडकलेली माणसं मला माहीत आहेत. तपासणी चुकवून ११ टाकायच्याही युक्त्या आहेत. पण दुसऱ्यांचे हिशेब ज्या मशीनवर आहेत त्यावर मी त्या करणार नाही. पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी त्यात मायक्रोसॉफ्ट देत नाही.

मी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना घेतली. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला की ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर. मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. म्हणजे माझ्याकडे साधारण नऊ महिने उरले आहेत.

तेव्हा बोर्ड आणि प्रोसेसर बदलणार, एवढंच. एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस तेच राहतील. रॅमसुद्धा ठेवायची आहे, कारण जूनमध्ये १,७०० ला घेतलेली पट्टी आता दुपटीहून महाग झाली आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून भाव चढतच आहेत, आणि डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा आपला घरगुती ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. जूनमध्येच १६ जीबीची पट्टी घ्यायला हवी होती, ही माझी खरी हळहळ. म्हणून बोर्ड निवडताना डीडीआर-४ चाच घेणार. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, डीडीआर-४ चे वेगळे, डीडीआर-५ चे वेगळे, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीचा विचार केला तर त्यांच्या एएम४ सॉकेटवरचा रायझन ५ ५६००जी, सहा कोअरचा.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे शेवटी एफ असेल तर त्यात स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लागतं. कोटेशनमध्ये आय-थ्री १२१००एफ स्वस्त दिसतो तो याच कारणाने. मला साधा १२१०० पुरेल.

मुलाने मात्र माझ्या कोटेशनच्या कागदावर पेन्सिलने त्या १२१०० पुढे हळूच एक एफ लिहून ठेवलाय आणि खाली कंसात "कार्ड माझ्या वाढदिवसाला".