पहिलं ब्लँकेट: सलग ओळींचं की चौकोनांचं?

बाळाचं 75 × 90 सेंमी क्रोशाचं ब्लँकेट, मध्यम जाडीची लोकर, 5 मिमीची क्रोशाची सुई. सलग विणायचं की ग्रॅनी चौकोन (मध्यापासून फेऱ्याफेऱ्यांनी विणलेले छोटे तुकडे) जोडायचे?

सलग विणताना एकच टाका घोटायचा असतो. 10 सेंमीत साधारण 13 खांब (सुईवर एकदा धागा घेऊन विणलेला उंच टाका) बसतात, म्हणजे 100 साखळ्या घालून सुईपासून चौथीत खांब सुरू केले की सुटलेल्या 3 साखळ्या एक खांब धरून ओळीत 98 खांब होतात. नवशिक्यांचं ब्लँकेट वर जाताना निमुळतं होतं, कारण ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीच्या सुरुवातीच्या उभ्या 3 साखळ्यांच्या डोक्यात घालायचा राहतो. दोन्ही टोकांना खुणेची पिन लावा. पायाच्या साखळ्या आवळल्या तर खालची कड आत ओढली जाते; तेवढ्या 5.5 मिमीच्या सुईने घाला.

चौकोन लवकर पुरा होतो, चुकला तर तेवढाच उसवायचा आणि पिशवीत मावतो. उन्हाळ्यात मांडीवर लोकरीचा ढीगही नको! पण 15 सेंमीचे 30 चौकोन लागतात. प्रत्येकात चार रंग घेतले की धाग्याची 240 टोकं (दर रंगाची दोन) शिवायच्या सुईने आत लपवायची, वर जोडणी. बरेच चौकोन कपाटात पडून राहतात ते इथेच. शिवाय हात कधी सैल, कधी घट्ट पडल्याने मापं जुळत नाहीत.

पहिल्यांदा सलगच विणा. ग्रॅनीची नक्षीच हवी असेल तर एकच मोठा चौकोन वाढवत न्या: दर फेरीत चारही कोपऱ्यांत 3 खांब, 2 साखळ्या, 3 खांब. जोडणी शून्य, ब्लँकेट मात्र चौरस होईल.