चित्राला ‘एआय लॉक’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

गणपतीआधी मखरांच्या, बॅनरच्या डिझाइनची कामं अंगावर असतात. नेमक्या त्याच दिवसांत सिंधुदुर्गातल्या डिजिटल चित्रकारांना गाठलं जातं: “तुमची चित्रं एआयवाले उचलतायत. आम्ही ती लॉक करून देतो, क्यूआर कोडवालं प्रमाणपत्रही देतो.” पैसे आगाऊ, यूपीआयने. आणि सोबत मागणी मूळ फाइलींची, लेअरसकट (म्हणजे चित्राचे सुटे थर).

सावंतवाडीकडच्या एका चित्रकाराने दशावताराच्या पात्रांची अख्खी मालिका अशी ड्राइव्हवर चढवून दिली. पैसे गेले ते गेलेच, पण खरं नुकसान फाइलींचं. एखाद्याची शैली लोरा पद्धतीने (तयार एआय मॉडेलला थोडक्या चित्रांवर वरून शिकवणं) मॉडेलला शिकवायला एकाच हाताची वीस-तीस स्वच्छ, मोठी चित्रं पुरतात. पीएसडी म्हणजे फोटोशॉपच्या मूळ फाइलीमधल्या लेअरना ‘संकासुर’, ‘मुकुट’ अशी नावं दिलेली असतील तर लेबलंही आयतीच मिळाली. वर फॉर्मच्या तळाशी बारीक इंग्रजीत मशीन लर्निंगसाठी कायमची परवानगी लिहिलेली होती आणि तिच्यापुढे टिक आधीच केलेली. ज्यांच्यापासून चित्रं वाचवायची, त्यांनाच त्याने ती परवानगीसकट देऊन टाकली. याची चीड येते.

‘लॉक’ केलेली फाइल परत येते तिच्यात काय केलंय, हे घरीच पाहता येतं. फाइल पीएनजीमध्येच मागा, कारण जेपीजी नुसतं पुन्हा सेव्ह केलं तरी फरक पडतो. क्रिटा किंवा फोटोशॉपमध्ये मूळ चित्रावर ती ठेवा, वरच्या लेअरचा ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करा (मग दोन चित्रांतला फरक तेवढाच दिसतो), मग लेव्हल्स भरपूर वाढवा. सगळं काळंच राहिलं तर काहीच केलेलं नाही. सगळीकडे एकसारखे रवाळ ठिपके दिसले तर फुकटातला नॉइज फिल्टर मारलाय. या चित्रकाराच्या फाइलीत कोपऱ्यातला लोगो सोडून बाकी सगळं काळं होतं.

चित्राला कुलूप घालणारं सॉफ्टवेअर अस्तित्वातच नाही. त्यातल्या त्यात मदत होते ती शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांच्या दोन सॉफ्टवेअरची: 2023 मध्ये त्यांनी ग्लेझ आणलं, ते चित्रात बारीक बदल करून एआयला शैलीची नक्कल अवघड करतं, आणि 2024 मध्ये नाइटशेड, ते मॉडेलला चुकीचं शिकवतं. दोन्ही विनामूल्य आहेत आणि आपल्याच संगणकावर चालतात, चित्र कुणाकडे द्यावं लागत नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकेका चित्राला बराच वेळ लागतो, म्हणून ते रात्री लावून ठेवा. आधी चित्राचा आकार कमी करा, सही टाका, ग्लेझ सगळ्यात शेवटी. सपाट रंगांच्या चित्रांत ग्लेझच्या खुणा जास्त दिसतात. आणि हेही अभेद्य नाही: 2025 मध्ये ‘लाइटशेड’ पद्धतीने संशोधकांनी हे संरक्षण ओळखून पुसता येतं असं दाखवलं. तरीही वापरा, त्याने चोराचं काम वाढतं. शंभर टक्के हमी देणारा मात्र खोटं बोलतोय एवढं नक्की.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर कॉपीराइट चित्र पूर्ण होताच आपला असतो. पुरावा म्हणून नोंदणी हवीच असेल तर ती सरकारच्या कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतः करता येते. खासगी क्यूआर कोडला कायद्यात काही किंमत नाही.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि तो फॉर्म पीडीएफ करून ठेवा, ड्राइव्हची लिंक बंद करा. परवानगी मागे घेतल्याचा ईमेल त्याच दिवशी पाठवा, म्हणजे तारखेची नोंद राहते. मग फॉर्म वकिलाला दाखवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीने द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. नुसत्या टिकने काय दिलं गेलं, हे वकिलाने त्या फॉर्मचा शब्द न् शब्द वाचूनच सांगायला हवं.