बोंडले, वाटी-चमचा की बाटली : कमी दिवसांच्या बाळाला घरी दूध कशाने पाजावे?

नवजात अतिदक्षता कक्षातून १८०० ग्रॅमचे बाळ घरी सोडताना आईवडील आम्हा परिचारिकांना एक प्रश्न हमखास विचारतात : बाळ अंगावर अजून नीट ओढत नाही, मग काढलेले दूध त्याला कशाने पाजायचे? चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ गर्भावस्थेच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्यामुळे भांडे निवडताना पाहायचे ते हे, की दूध तोंडात किती वेगाने येते आणि तो वेग कोणाच्या हाती आहे.

वाटी-चमचा प्रत्येक घरात असतो, उकळायला सोपा असतो आणि पहिल्या दिवसांतला चीक पाजायला त्याच्याइतके चांगले साधन नाही, कारण तेव्हा मोजके थेंबच द्यायचे असतात आणि त्यातला एकही वाया जाऊ द्यायचा नसतो. मात्र दुधाचे प्रमाण वाढले की तो अपुरा पडू लागतो. दर किलोला दिवसाला सुमारे १५० मिली या हिशेबाने १८०० ग्रॅमच्या बाळाला दर दोन तासांनी २० ते २५ मिली दूध लागते. चमच्याने ते पाजताना प्रत्येक वेळी ५ मिली जरी लाळेऱ्यावर सांडले, तरी दिवसाकाठी ६० मिली दूध बाळाच्या पोटात जातच नाही, आणि वहीत मात्र पूर्ण आकडा लिहिलेला असतो.

बोंडले, म्हणजे चोच असलेले छोटे भांडे, आपल्याकडे बारशाला चांदीचे देतात; रुग्णालयात स्टीलचे असते आणि त्याला पलाडाई म्हणतात. चोच उघडी असलेलेच घ्यावे, कारण बंद नळीच्या आत साचलेली साय घासता येत नाही. पाजताना बाळाला मांडीवर अर्धवट बसते धरून मानेला आधार द्यावा, चोच ओठाच्या कोपऱ्याशी टेकवावी आणि भांडे इतकेच कलते करावे की दूध ओठाला लागेल. जागे बाळ जीभ पुढे काढते, घोट घेते, थांबते आणि श्वास घेते. हा थांबा आपण मोडायचा नाही, आणि दूध घशात ओतायचे तर मुळीच नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. घाई असलेल्या माणसाच्या हाती बोंडले धोक्याचे ठरते, म्हणून रात्री पाजणारी आजी किंवा मावशी कोण असेल ते आधी ठरवावे आणि रुग्णालयातून निघण्यापूर्वी तिने आमच्यासमोर निदान दोनदा पाजून दाखवावे.

बाटलीने पाजणाऱ्याला सोपे जाते, सांडतेही कमी, आणि वाटी थेट ओठाला लावून पाजलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा रुग्णालयातील मुक्काम काही अभ्यासांत लांबलेला दिसला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु त्याच प्रकारच्या अभ्यासांत वाटीवरची बाळे घरी जाताना आईच्या दुधावर अधिक प्रमाणात टिकली होती. बाटलीच्या चोखायच्या बुचातून बाळ थांबले तरी दूध गळत राहते, आणि बुचाच्या खाचेत राहिलेल्या दुधाने जुलाब होण्याची भीती वेगळीच. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे, ती उगाच नाही.

माझे मत स्पष्ट आहे : बाळ जागे राहून गिळत असेल आणि घरात शांत हाताचे माणूस असेल, तर बोंडले घ्यावे, दूध अगदी थोडे द्यायचे असेल तर चमचा, बाटली टाळावी. यांतले काहीही निवडले तरी प्रत्येक वेळी आधी बाळाला अंगावर लावून पाहावे. भांडे प्रत्येक वेळी धुऊन दहा मिनिटे उकळावे. आईला दूध कमी येत असेल तर पावडरीकडे वळण्यापूर्वी मानवी दुग्धपेढीची, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध जिथे मिळते त्या पेढीची, चौकशी करावी. आशियातील पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली.

पाजताना ओठ निळसर पडले किंवा ठसका लागला, तर तत्काळ थांबावे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. ते ६० किंवा त्याहून अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, छाती आत ओढली जात असली, हातपाय गार लागत असले किंवा बाळ दूधच घेईना, तर भांडे बदलून पाहण्यात वेळ घालवू नये, बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरून, वरून पांघरूण घालून, थेट रुग्णालय गाठावे.