राजधानीच्या नावाने विकलेली जमीन: पोयाइसपासून नागपूरच्या लेआउटपर्यंत

१८२३च्या मार्च महिन्यात 'केनर्स्ली कॅसल' या जहाजातून जवळपास २०० स्कॉटिश माणसं आज होंडुरासमध्ये मोडणाऱ्या किनाऱ्यावर उतरली. पोयाइस नावाच्या देशातल्या जमिनीचे दाखले त्यांनी जपून आणले होते. घरची पुंजी देऊन बदलून घेतलेले पोयाइस डॉलरही सोबत होते. सेंट जोसेफ या राजधानीत रुंद रस्ते, घुमटाचं कॅथेड्रल, नाट्यगृह, बँक आणि संसद असल्याचं त्यांना सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात तिथे जंगल होतं आणि आधीच्या जहाजाने आलेली ७० माणसं कशीबशी तग धरून होती. दोन्ही जहाजांची मिळून सुमारे २५० माणसं. त्यातली किमान १८० आजाराने आणि हालअपेष्टांनी मेली.

हे घडवणारा माणूस ग्रेगर मॅकग्रेगर. व्हेनेझुएलाच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, म्हणजे नाव आणि हुद्दा दोन्ही खरे. १८२०मध्ये त्याच भागातल्या मॉस्किटो किनाऱ्याच्या राजाने त्याला सुमारे ८० लाख एकरांची सनद दिली होती, तीही खरी. या फसवणुकीतला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. सनद होती, जमीन होती. नव्हता तो देश, नव्हती ती राजधानी, आणि स्वतंत्र राज्य चालवण्याचा अधिकार तर राजाने कधी दिलाच नव्हता. पुढे त्याच कारणावरून राजाने सनद रद्द केली. घेणाऱ्यांपैकी कोणी सनद पाहिली असती, तरी तिच्यात काय लिहिलेलं नाही हे पाहिल्याशिवाय त्याला काहीच कळलं नसतं.

विक्रीची पद्धतही नीट बघण्यासारखी आहे. आधी साडेतीनशे पानांचं माहितीपुस्तक काढलं. मग जमीन एकरी २ शिलिंग ३ पेन्सने खुली केली आणि भाव चढवत ४ शिलिंगांवर नेला, म्हणजे थांबणाऱ्याला आपण मागे पडतोय असं वाटावं. १८२२च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये २ लाख पौंडांचं कर्ज उभारलं. १०० पौंडांचा रोखा ८० पौंडांना, त्यातही सुरुवातीला १५ टक्केच भरायचे, उरलेलं हप्त्याने. कारागिरांना फुकट प्रवास आणि सरकारी कामांचं आश्वासन दिलं. ओळखीचा सुतार किंवा चांभार निघाला की शेजारच्यालाही भरवसा वाटतो.

नागपुरात राजधानीचं नाव काढलं की लोक कान देतात, आणि त्याला कारण आहे. हे शहर १८६१पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, १९५६पर्यंत राजधानीच राहिलं, आणि मग तो मान गेला. १९५३च्या नागपूर करारामुळे दरवर्षी अधिवेशन इथे भरतं. वेगळ्या विदर्भाची मागणी जुनी आहे. शिवाय झिरो माइलचा दगड, देशाचा मध्य, आणि म्हणून उद्या दिल्लीचा भार इथे येणार हे बोलणं इथल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. प्लॉट विकणाऱ्याला वेगळी गोष्ट रचावी लागत नाही. तो नकाशावर एक मोठा चौकोन काढतो, त्यात 'प्रस्तावित राजधानी संकुल' असं लिहितो, बाजूला समृद्धी महामार्ग आणि विमानतळालगतचा मिहान प्रकल्प दाखवतो. या दोन गोष्टी खऱ्या असतात, म्हणून तिसरीही खरी वाटते. "घोषणा झाली की भाव चौपट, आजच टोकन टाकून ठेवा."

इथे एक साधा प्रश्न विचारावा. सरकार खरंच तिथे राजधानी बांधणार असेल, तर ती जमीन लागणार कोणाची? भूसंपादन होईल, किंवा विकास आराखड्यात आरक्षण पडेल. दोन्हीत खासगी प्लॉट जातो, आणि मोबदला ज्याचं नाव अभिलेखात असेल त्याला मिळतो, नोटरीच्या कागदावर पैसे देऊन बसलेल्याला नाही. म्हणजे विकणाऱ्याचा दावा खरा निघाला तरी घेणारा अडकतोच.

आणि खरा कायदा झाला म्हणून शहर उभं राहतंच असंही नाही. अर्जेंटिनाने १९८७मध्ये संसदेत कायदा करून राजधानी ब्युनोस आयरेसमधून दक्षिणेकडे व्हिएद्मा आणि कार्मेन दे पातागोनेस या जुळ्या गावांकडे न्यायचं ठरवलं, बांधकामासाठी सरकारी संस्थाही काढली. १९८९मध्ये महागाईचा भडका उडाला, सरकार बदललं आणि काम गुंडाळलं गेलं. आंध्र प्रदेशातल्या अमरावतीसाठी शेतकऱ्यांनी ३० हजारांहून जास्त एकर जमीन सरकारला दिली, पण २०१९ला सरकार बदलताच तीन राजधान्यांचा प्रस्ताव पुढे आला आणि काम काही वर्षं रखडलं. या दोन्ही ठिकाणी फसवणूक नव्हती. सरकारी शिक्का असलेल्या योजनेची ही गत होते, तर रंगीत पत्रकाची काय किंमत धरायची हे ज्याने त्याने ठरवावं.

आता नागपूरच्या कागदांकडे वळू. दाखवला जाणारा सातबारा बहुतेक वेळा खराच असतो, मालक शेतकरीही खरा असतो. म्हणून 'सातबारा क्लिअर आहे' हे ऐकून समाधान मानू नका. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा आणि मौजा व खसरा नंबर घेऊन डिजिटल सहीचा उतारा स्वतः काढा. सातमध्ये, म्हणजे मालकीच्या भागात, भोगवटादार वर्ग बघा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा, कूळ, कोर्टाची नोंद आहे का ते वाचा. मग बारा, म्हणजे पिकांचा भाग, बघा. तिथे सोयाबीन किंवा तूर लागलेली असेल, तर ज्याला लेआउट म्हणतात ते अजून शेत आहे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. पटवाऱ्याकडे फेरफाराची नोंदवही मागा. आधीच्या मालकाकडून जमीन कशी आली हे तिथेच कळतं.

त्यानंतर मंजुरी. जाहिरातीत 'एनए-टीपी, आरएल' (बिगरशेती परवानगी, नगररचनेची मंजुरी आणि रिलीज लेटर) असं लिहिलेलं असतं. अकृषक आदेशाचा क्रमांक आणि तारीख, मंजूर नकाशाची प्रत आणि रिलीज लेटर, तिन्ही वेगवेगळे मागा. मग एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), ज्याच्या हद्दीत गाव येतं त्या कार्यालयात जाऊन क्रमांक जुळवा. ग्रामपंचायतीच्या एनओसीने लेआउट मंजूर होत नाही. झोन दाखला आणि भाग नकाशा काढला की जागा शेतीच्या पट्ट्यात आहे का, तिच्यावरून रस्ता जातो का, हे दिसतं. 'पुढे गुंठेवारीत बसवून देऊ', म्हणजे विनामंजुरीचा प्लॉट नंतर नियमित करून देऊ, हे आश्वासन तर अजिबात मान्य करू नका. २००१च्या गुंठेवारी कायद्याखालच्या, '५७२' आणि '१९००' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या लेआउटमधले लोक रस्ता, गडर लाइन आणि नियमितीकरणाच्या पत्रासाठी किती वर्षं चकरा मारत राहिले, हे या शहराला ठाऊक आहे.

एक हिशेब घरीच करता येतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यातून अंतर्गत रस्ते आणि खुली जागा सोडली की विकायला बरंच कमी उरतं. एकरात हजार फुटांचे ४० प्लॉट दाखवले असतील, तर ४० हजार फूट प्लॉटमध्येच गेले. उरलेल्या साडेतीन हजार फुटांत रस्ते बसत नाहीत. असा नकाशा कोणी मंजूर केलेला नसतो.

अविभक्त हिस्स्याचा प्रकार जास्त घातक आहे, कारण त्यात नोंदणीकृत विक्रीपत्र होतं आणि सातबाऱ्यावर नावही चढतं. पण दहा-पंधरा जणांची नावं एकत्र असतात आणि कोणाचा तुकडा कोणता हे कुठेच नसतं. घर बांधायची परवानगी मिळत नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळत नाही. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो, मालकीची खात्री देत नाही, हे लक्षात असू द्या. नोटरी केलेलं इसारपत्र तर सूची क्रमांक २मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीत, दिसतच नाही. तोच प्लॉट चौघांना विकता येतो तो या फटीतून.

५०० चौरस मीटरच्या वरच्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून खसरा नंबर जुळतो का बघा, कारण दुसऱ्याच प्रकल्पाचा क्रमांक छापलेला असू शकतो. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. 'छत्तीस किस्ती भरा, मग विक्रीपत्र' ही योजना या नियमाच्या उलट आहे. पैसे चेकने, प्रकल्पाच्या खात्यातच द्या. एजंटच्या नावावर किंवा रोखीने देऊ नका.

पैसे अडकले असतील तर थांबू नका. ग्राहक आयोगाची मुदत साधारण २ वर्षांची आहे. पोलिसांत आर्थिक गुन्हे शाखेकडे सगळ्या गिऱ्हाइकांनी एकत्र जावं. पोयाइसहून जिवंत परतलेल्यांपैकी काहींनी मॅकग्रेगरची बाजू घेऊन दोष त्याच्या माणसांवर टाकला, आणि तो पॅरिसला जाऊन तोच धंदा पुन्हा करू शकला. तिथे अटक झाली, पण १८२६मध्ये तो निर्दोष सुटला. इथेही वर्षभराने निरोप येतो: "राजधानीचं लांबलं, तुमची पावती द्या, दुसऱ्या साइटवर प्लॉट देतो." मूळ पावती, इसारपत्र आणि पत्रक हातचं सोडू नका. मागितलं तर झेरॉक्स द्या आणि ती मिळाल्याची तारखेसह लेखी पोच घ्या.